डावा खांदा

जळगाव, ४ जानेवारी १९३७

आज दवाखान्यात हजर झालो. खानदेशच्या मिरच्या खाऊन मरशील, असं पुण्यात सगळे चिडवत होते. त्यांना कळवायला हवं की भरताची दुसरी वाटी मी मागून घेतली. क्ष-किरणांचं यंत्र झकास आहे, डॉक्टरही भले. कंपाउंडर गिरधरनानांनी माझ्या आधीच्या फोटोवाल्याचा, कौतिकचा, कोट मला दिला. त्याचा डावा खांदा दोन बोटं वर शिवलाय. शिंप्याने माप डोळे मिटून घेतलं असावं.

७ जानेवारी

फैजपूरची तानुबाई आठ वर्षांच्या कुंदाला घेऊन आली. पोरीच्या डाव्या खांद्याचा फरा, पाठीकडचं पसरट हाड, जन्मापासून वर चढलेला, हात कानापर्यंतही जात नाही. फोटोत मानेपासून फऱ्यापर्यंत एक जादा हाड दिसलं. डॉक्टर ते कापून काढणार आहेत.

पोर हलू नये म्हणून पुण्याला आम्ही वाळूच्या पिशव्या ठेवायचो. इथे म्हणे फोटोवाल्यानेच खांदा धरायचा. "बठ्ठा असंच धरतस," सगळेच असं धरतात, म्हणत नाना बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं.

९ जानेवारी

शस्त्रक्रियेआधी कुंदाचा दुसरा फोटो घेतला. खांदा मीच धरला. हाड अर्धंच दिसलं. नाना फिल्म बदलतात, दुसरं काय? पुढच्या वेळी कोपऱ्यात फिल्मवर उमटणारा माझा शिशाचा अंक ठेवीन.

१२ जानेवारी

शस्त्रक्रिया अजून व्हायचीय. तिसरा फोटो घेतला, खांदा मीच धरला. अंक माझाच आहे. हाड नाही.

कुंदाने दोन्ही हात वर करून खुंटीला लोंबकळून दाखवलं. तानुबाई रडली, केळीची फणी देऊन गेली. पहिला फोटो मीच बिघडवला, असं डॉक्टर म्हणाले. मला फार राग आला. नाना मात्र माझ्या खांद्याकडे बघत होते.

१३ जानेवारी

खुंटीवरचा कोट काढताना डावा हात वर जाईना. एकट्यानेच स्वतःचा फोटो काढला. जादा हाड आहे. पूर्ण.

१५ जानेवारी

कोट आता अंगाला नीट बसतो.

कौतिकचं काय झालं, नानांना विचारलं. त्याला धरायला वेळेवर कोणी मिळालं नाही, म्हणाले. तुम्ही काळजी करू नका, नव्या माणसाला तार केलीय. कधी केली, मी विचारलं. तुम्ही आलात त्याच दिवशी, म्हणाले—

१७ जानेवारी

नवा माणूस आला. अभिमन. हसरा आहे, धुळ्याचा. नानांनी माझा कोट त्याला दिला. शिंप्यावरून त्याने थट्टा केली—

मी पिशव्यांत वाळू भरून ठेवली होती. पिशव्या नाहीत.

यंत्र सुरू झालंय. आधी माझाच फोटो, नाना म्हणतात. अभिमन दाराशी उभा आहे. खांदा कुठे धरू, विचारतो. त्याला सांगायला हवं. धरू नको, एवढंच तर— पण मग माझा हात—

त्याने पुन्हा विचारलं. मी त्याला