मुठीकडून परत

धुळे, मंगळवार, १९७१

भाची शालू उद्या पिंपळनेरला नर्स म्हणून रुजू होणार. आडरस्त्याने एकटीच फिरायची, म्हणून महिनाभर तिला शेजारच्या नानांकडे गल्लीतल्या मुलींबरोबर शिकायला पाठवलं. बोटीवर नोकरीला असताना ते फिलिपिनो खलाशांकडून काठी-सुऱ्याचं तंत्र शिकले. आज ते बोथट सुरा घेऊन खरोखरच अंगावर गेले. तिने त्यांच्या मनगटावर काठी हाणून सुरा पाडला. आणि मग? सरावातल्या रीतीप्रमाणे उचलून, मुठीकडून, अदबीने परत दिला. नानांनी तोच तिच्या गळ्याला लावला.

"पोरी, पाहुणचार करी ऱ्हायनी का?"

बाकीच्या मुली हसल्या. मला हसू येईना.

"आत्या, हात आपोआप गेला," शालू म्हणाली.

तेच तर. मुठीकडून दिला. आडरस्त्यावरही हात आपोआपच जाईल.

उद्याची गाडी जाऊ दे. पहाटे सुरा मी धरीन. पडलेला सुरा ती लाथेने लांब उडवत नाही, तोवर पिंपळनेर नाही.