जवळ्यातली मेंढी

प्रिय शौनक,

दोन वर्षांनी पत्र, तेही हाताने लिहिलेलं, म्हणजे तू आधी घाबरशील. घरी सगळं ठीक आहे रे. आईचे गुडघे दुखतात, तरी पहाटे मासळी घ्यायला बंदरावर तीच जाते. मला एक सांगायचंय, फोनवर जीभ रेटणार नाही म्हणून लिहितेय.

परवा आईने तुझी आठवण काढली. गोराईला पहिल्यांदा जेवायला आलास तेव्हा तिने विचारलं होतं, अंधेरीला एसीत बसून तुम्ही नक्की करता काय? तू ताटातल्या सुकटीकडे बोट दाखवून समजावलंस. मासळीचं वाटण करायचं, त्यातल्या प्रथिनांचे बारीक तुकडे करायचे, यंत्र एकेक तुकडा तोलतं, आणि त्या वजनांवरून वाटणात कोण कोण आहे ते आपण ओळखतो. आई म्हणाली, मी नुसत्या वासावर सांगते, त्याला कोटीचं यंत्र कशाला! तू इतका हसलास की ठसका लागला. मी त्याच दिवशी तुझ्यावर भाळले.

झकास दिवस होते यार. जवळ्यातल्या कुठल्या प्रथिनाने लोकांच्या अंगावर पित्त उठतं, ते शोधायचं होतं आपल्याला. लॅबच्या त्या गारठ्यात मी कुडकुडायचे आणि तू तुझा लोकरी स्वेटर माझ्या अंगावर टाकायचास. नमुन्यांजवळ लोकर आणायची नाही, हा पहिला नियम. आपण दोघंही तो मोडायचो.

मग वाट लागली. तीन महिन्यांच्या एकूण एक नमुन्यात मेंढीच्या केसांचं प्रथिन! जवळा त्याखाली बुडूनच गेला. आपल्या गाईड सरांनी खुंटीवरचा स्वेटर पाहिला, सगळ्यांसमोर तुला झापलं, आणि तुझी पीएचडी तिथेच संपली. मी मान खाली घालून उभी होते. प्रथिनांचे तुकडे करायला प्रत्येक नमुन्यात घातलेलं ते द्रावण मी बनवलं होतं, तुझा स्वेटर अंगात असताना; लोकर त्यातच पडली. बाटलीवरची तारीख माझ्या अक्षरात होती. तू ती वाचलीस, माझ्याकडे बघितलंस, आणि सरांना माझं नाव सांगितलं नाहीस.

तू कांदिवलीला क्लासमध्ये शिकवतोस, असं कळलं. मी मात्र डॉक्टरेट घेऊन त्याच लॅबमध्ये नोकरीला बसले. लाज वाटते रे, खरंच.

काल सरांकडे जाऊन सगळं सांगून टाकलं. त्यांनी तुझा नंबर मागितला. तुला परत घेतील की नाही, ठाऊक नाही. माझी नोकरी राहील असं वाटत नाही. ते सोमवारी तुला फोन करणार आहेत. मला उत्तर नाही दिलंस तरी चालेल, पण तो फोन उचल.

अजूनही तुझीच,
भाविका