विंगेतली वही

रायपूर, गणपतीचा सातवा दिवस

वासुदेवदादा,

आपल्या नाटक मंडळात जो स्टेजवर अडखळतो, तो विंगेत वही धरून प्रॉम्प्टिंग करतो, दुसरं कोणी अडखळेपर्यंत. मी सहा वर्षं धरली.

मागच्या वर्षी तू वाक्य विसरला अन् माझ्याकडे पाहिलं. ओळ माझ्या बोटाखाली होती. मी बोललीच नाही. लोक हसले. महिनाभर तू आपल्या मोहल्ल्यात, पुरानी बस्तीत, मान वर करून चालला नाही.

आज वही तुझ्याकडे आहे. सकाळी म्हणाला, "विनी, घाबरू नको, मी आहो ना."

दुसरी घंटा झाली. मले पहिलंच वाक्य आठवून नाही राहिलं. पडद्याआडून पाहिलं, तर तू वही मिटून बसला, अन् माझ्याकडेच पाहून राहिला.

तुले हे पत्र न देणारी,
विनीता