डाव्या तारेला अर्धा फेरा

बाबा, तुमची ती दोन पोटांची शिडाची होडी अजून केरीच्या किनाऱ्यावर आहे. कुण्या परदेशी गोऱ्याने टाकून दिलेली, तुम्ही उभी केलेली. एका लख्ख दुपारी तारा तपासायला म्हणून तुम्ही तिच्यातून एकटेच गेलात, आणि भरतीबरोबर होडी तेवढी परत आली. डोलकाठी ताठ, तारा ताठ, तुम्ही नाही. आईने त्यानंतर खाडीचा मासा कधी खाल्ला नाही. आता तुमची नात म्हणते, रविवारी मी ती नदीच्या तोंडाबाहेर काढणार. हट्टी आहे, कुणावर गेली ते सांगायला नको.

काल गंजक्या तारा काढून मी नव्या बसवल्या, डोलकाठीला समोरून एक आणि दोन्ही बाजूंनी एकेक. तारा बसवणं कुणालाही जमतं, किती आवळायच्या तेच कठीण. तुम्ही पान्याने तार हलकेच ठोकायचात आणि कान लावायचात. डावी-उजवी एका सुरात बोलली की झालं. एकदा मी जोर करून जास्तच आवळली, तेव्हा चारचौघांत माझा हात झटकलात. "म्हातारी आसा ती. आवळू नको, नुसती धर." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि आता बघा, डिचोलीच्या खाणीवर दगड फोडणाऱ्या मशीनपाशी जन्म काढून माझे कान गेले. बारीक आवाज मुळीच येत नाही. हे पोरीला ठाऊक नव्हतं.

डोलकाठी उभारण्याआधी राखणदाराला, म्हणजे किनारा राखणाऱ्या देवाला, पाव आणि पेटवलेली विडी ठेवायची, तोंडाने कुणाला हाक मारायची नाही, मारली तर तोच येतो, हे तुम्हीच शिकवलंत. ठेवताना माझ्या तोंडून गेलं, "घ्या, बाबा." मेली सवय! विडी पेटवून मी तुम्हालाच तर देत आलो होतो.

मग मी उजवी तार ठोकतो. काही नाही. डावी ठोकतो, आणि बहिऱ्या कानात अगदी जवळून तुमचं ते "उं हूं". काम मनासारखं नसलं की करायचात, तेच. वारा नव्हता, पाणीसुद्धा हलत नव्हतं. मी तार आवळायच्या स्क्रूला अर्धा फेरा दिला. पुन्हा "उं हूं". आणखी अर्धा. मग तुम्ही गप्प, म्हणजे बरोबर. फेरा सुटू नये म्हणून मी पिना घालून त्यांची टोकं वाकवली. तेवढ्यात पोर होडीच्या पलीकडून उठून आली.

"बाबा, तुझ्यावांगडा कोण बोलता?"

माझ्यासोबत कोण नाही गो, मीच, म्हटलं.

तुमचा हात चुकायचा नाही, हे मी देवळात उभा राहून सांगेन. तार बरोबरच असणार. पण बरोबर कशासाठी? पोरीने परत यावं म्हणून, की तुम्ही इतकी वर्षं एकटे आहात म्हणून? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आज सकाळी तिच्या आधी जाऊन मी डोलकाठी आडवी केली, तारा सोडवल्या आणि पोरीला सांगितलं की माझे कान गेलेत, हे काम आता माझ्याच्याने होत नाही. ती चिडली, मग रडली. खोटं मी काही बोललो नाही.

हे पत्र खाडीत सोडायचं ठरवलं होतं. सोडणार नाही. सोडलं तर तुम्हाला मिळेल, बाबा, आणि मला तुमची भीती वाटते.