पायरीवरचा नाताळ

२ डिसेंबर

धागा मिळाला. दोघींपुरताच — मला आणि लेकीला, स्वालाला. बाबांचं नाव काढलं तर एइविंदुर वजनकाट्याकडेच बघत राहिला. लोकर-कोठीचा तपासनीस झालाय तो आता. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा. "ज्याचे हात चालतात त्याला लोकर, स्टेनवोर. नियम मी केलेला नाही."

बाबांची बोटं वर्षभरात आखडून गेलीत. चमचा धरवत नाही, सुया कुठून धरणार?

निघताना मागून ओरडला, "यंदाचा धागा धुवायचा नाही हं! नव्या कपड्याची खूण लोकरीच्या तेलातच आहे. तेल गेलं की मांजरीच्या लेखी कपडा जुना!"

५ डिसेंबर

जेवताना स्वालानं विचारलं, "आजोबा, मांजर केवढी आहे?"

"मोजायला गेलेला परत आलाय का कोणी?"

"पण कोणी बघितलीय?"

"माझ्या आजीच्या गोष्टीत ती नुसती केसाळ होती. नाताळला अंगावर नवं नसेल त्याला खायची. जहाजं यायची बंद झाली, अन्न पुरेना, आणि कोठीनं तिला लोखंडाचं अंग दिलं. भूक तीच ठेवली."

मी विषय बदलला. पोर सात वर्षांची आहे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी सहाच्या घंटा झाल्या की दारं बंद, पडदे ओढलेले, सगळे मोठ्यानं गातात — हे तिला माहीत आहे. ज्याच्या अंगावर नवं नाही तो बाहेर पायरीवर बसतो, हेही माहीत आहे. तो आत राहिला तर मांजर अख्खं घर नेते. मग माळावरून गुरगुर येते, रात्रभर. सकाळी पायरी रिकामी.

तिला एवढंच माहीत नाही की यंदा आपल्या घरचं कोण.

८ डिसेंबर

सुचलं! एक वस्तू नवी असली की पुरे. मोजेसुद्धा चालतात. माझ्या स्वेटरची कॉलर नको, बाह्या कोपरापर्यंतच, कंबरेला आखूड. उरलेल्या धाग्यात बाबांचे मोजे.

बाबांना सांगितलं. म्हणाले, "थंडीनं मरशील."

"वसंतात मरेन. तोवर वेळ आहे."

हसले. बऱ्याच दिवसांनी.

१२ डिसेंबर

समोरच्या थोरकात्लानं रस्त्यापलीकडून हाक मारली. डोळे गेल्यापासून तिलाही धागा नाही. "अगं स्टेनवोर, बापाला सांग, माझ्या पायरीवर मी उशी आणून ठेवलीय! त्यानं आपली त्याची आणावी. माझी मिळणार नाही!"

मागे तिचा मुलगा योर्मुंडुर बर्फ लोटत होता. त्यानं मान वर केली नाही.

तिच्यासाठीही थोडा धागा... नाही. एका मोज्यालाही पुरला नसता. तरी उरलेल्या धाग्याकडे दोनदा बघितलं.

१६ डिसेंबर

माझा आणि स्वालाचा स्वेटर पास. एइविंदुरनं यंत्र फिरवलं, हिरवा दिवा, खूण पक्की. आता उसवला तर खूण मरते. माझ्या बाह्यांकडे बघून म्हणाला, "ही काय नवी फॅशन?"

"हात मोकळे राहतात."

त्याला कळलं. स्वेटर घडी घालून परत दिला. उपकार.

२० डिसेंबर

मोजे झाले!! बाबांचा पाय मोठा, टाच तीनदा उसवली. पण काय सुरेख बसलेत! आईनं शिकवलं तसं सगळं नीट केलं — कोमट पाण्यात बुडवले, हलकेच दाबले, टॉवेलात गुंडाळून पाणी काढलं, सपाट पसरून ओढून आकार दिला. सकाळपर्यंत वाळतील. आज झोप लागेल.

२१ डिसेंबर

धुतले. मी ते धुतले.

विणलं की धुवायचं — तीस वर्षं हात हेच करताहेत. स्वेटर इतके जपले, पाण्याजवळसुद्धा नेले नाहीत. आणि मोज्यांच्या वेळी आनंदात भान राहिलं नाही. हातांना कोण सांगणार?

मेंढीची चरबी चोळली. वास आला, बाकी काही नाही.

२३ डिसेंबर

आंबवलेल्या माशाचा वास गावभर. आज सगळ्यांकडे तोच शिजतो. एइविंदुर नाक दाबून आत आला. मोजे हातात घेतले, यंत्र फिरवलं. लाल. पुन्हा फिरवलं. लाल.

"धुतलेस?"

"हो."

"बाई गं! सांगितलं होतं ना?"

"हिरवा म्हण. तुझं काय जातंय?"

"मी म्हणून काय होणार? मांजर माझं ऐकते?" त्याचे डोळे भरले होते. तो खरंच घाबरतो तिला.

बाबा आतून म्हणाले, "मासा खाऊन जा रे पोरा. निवतोय."

२४ डिसेंबर

पायरीवर मी बसते म्हटलं. दुपारभर भांडले. माझा स्वेटर तुमच्या अंगात येत नाही, पण खांद्यावर टाका, मी जाते —

"आणि स्वालाला कोण वाढवणार? ही बोटं?" हात माझ्या तोंडासमोर धरले. "पुरे, पोरी."

धुरी दिलेलं मेंढीचं मांस त्यांनी दोनदा मागून घेतलं. स्वालाच्या ताटातली पातळ कुरकुरीत पोळी पळवली, ती ओरडली, मग हसली. मोजे घातले. "मांजरीला नसेल पटत, मला ऊब लागतेय."

घंटा सुरू झाल्या तसे उठले. कोट घेतला नाही. "लवकर आटपलेलं बरं," म्हणाले. मांजरीबद्दलच बोलताहेत असं मला वाटलं.

कडी मी लावली. गुरगुर सुरू झाली आहे. स्वाला गातेय. मीही.

२५ डिसेंबर

वीज गेली. त्याच क्षणी गुरगुर थांबली — मधेच, तुटल्यासारखी. हिमलोटाच्या इशाऱ्यासाठी रस्त्यात कर्णे लावलेत, तिथूनच येत होती ती!

कडी काढली. अंगणात बर्फ सपाट. पावलाचा एकही ठसा नाही. बाबा पायरीवर, निळे पडलेले — श्वास चालू. आत ओढले. स्वाला त्यांना बिलगून पडली आहे.

खिंडीत हिमलोट कोसळलाय. तारा गेल्या, रस्ता गेला. दर वर्षी पहाटे गावात शिरणारी कोठीची गाडीच पायऱ्या रिकाम्या करत असणार; यंदा ती आली नाही, म्हणून थोरकात्ला अजून तिच्या पायरीवर आहे. उशीवर. मी हलवलं. गारठून लाकूड झालीय.

आणखी दोन पायऱ्यांवर माणसं आहेत. एक मान हलतेय. मला एकटीला उचलवेना, म्हणून योर्मुंडुरच्या दारावर मुठी आपटल्या, ओरडले — मांजर नाही, उघड!

आत त्यांनी गाण्याचा आवाज वाढवला.