हेलरविगचा वारा माझ्या हाती

३ नोव्हेंबर, सोमवार
आज हेलरविगच्या ऊर्जामंडळाचा अध्यक्ष झालो. एकमताने. म्हणजे, कोण होतंय असं विचारल्यावर सगळे आपापल्या कॉफीत बघत बसले आणि मी हात वर केला. शेजारचा हॉल्गर म्हणाला, चला, सुटलो. लोकांच्या भावना अशाच साध्या शब्दांत बाहेर पडतात.
योजना थोर आहे. गावातले हीट पंप, बॉयलर, विजेच्या गाड्या सगळं एका प्रोग्रॅमला जोडलंय. टेकडीवरच्या पवनचक्क्या फिरायला लागल्या की प्रोग्रॅम पाणी तापवून ठेवतो, गाड्या चार्ज करतो. वारा पडला की सगळ्यांना जरा दम धरायला लावतो. कोळसा नको, गॅस नको. प्रोग्रॅम सिग्नेने लिहिला. तिला सातवीत भूगोल मी शिकवला, तेव्हा पाया माझाच.
अध्यक्षाला एक खास अधिकार असतो. फोनवरून प्रोग्रॅम बाजूला सारून स्वतः हुकूम सोडता येतो. सिग्ने म्हणाली, हे अडीअडचणीपुरतं हं, एवाल्ड. एरवी हात लावू नका, प्रोग्रॅमला हवामान कळतं. मी म्हणालो, मलाही कळतं.
संकल्प: फोन दिवसातून एकदाच बघायचा.

४ नोव्हेंबर, मंगळवार
फोन एकदाच बघितला. (नाश्त्याच्या वेळचं धरत नाही. आंघोळीचंही.)
दुपारी बाहेर घोंघावणारा वारा. प्रोग्रॅम ढिम्म! यंत्राला कान नसतात. ताबडतोब हुकूम सोडला: सगळ्या गाड्या, सगळे बॉयलर चालू. मग खिडकी उघडली. हॉल्गर मशीन लावून अंगणातली पानं उडवत होता.
सिग्नेचा फोन. पवनचक्क्या उभ्या असताना गावाने बाहेरून वीज ओढली, आणि ती बरीचशी कोळशाची. मी म्हणालो, ही रंगीत तालीम होती. ती म्हणाली, आधी सांगत जा. समजूतदार पोरगी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सिग्नेने घराघरातले ओव्हन प्रोग्रॅमला जोडलेच नव्हते. म्हणे, माणसाला भूक लागते तेव्हा लागते. एवढी मोठी चूक! निदान आमच्या घरात ती मी सुधारली. बाजारातून एक उपकरण आणून ओव्हन वाऱ्याला जोडला.
आज माझ्या बायकोने, तोवेने, गल्लीतल्या बोडिलच्या वाढदिवसाचा केक लावला. वारा मध्येच पडला. ओव्हनही. केकसुद्धा.
तोवेने केकचं भांडं आणून माझ्यासमोर ठेवलं. आमच्या एवढ्या वर्षांच्या संसारात हे लक्षण चांगलं नाही. म्हणाली, बोडिलला काय सांगू? वारा नव्हता म्हणून खीर आणलीय? मी म्हणालो, सांग, ही उद्याच्या जगाची चव आहे.
बोडिलकडे मला बोलावलं नव्हतं. बहुधा राहून गेलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
वादळ! पवनचक्क्या भिंगरीसारख्या. वीज इतकी की देशभर कोणी घ्यायला नाही. अशा दिवशी प्रोग्रॅमने काय करावं? थोडे बॉयलर आता, थोड्या गाड्या नंतर, रांगेने, बँकेतल्या म्हाताऱ्यांसारखं. शौर्य नाही.
मी सगळं एकदम चालू केलं. पूर्ण जोरात.
अर्धा तास गाव उन्हाळ्यात होतं. हॉल्गर बनियनवर पायरीवर येऊन बसला. म्हणाला, एवाल्ड, तू मला उकडतोयस की वाफवतोयस ते एकदा ठरव. मग कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरने मान टाकली. वर्षातल्या सगळ्यात वादळी दिवशी हेलरविगमध्ये दिवा लागला नाही. पवनचक्क्या मात्र समोर मजेत फिरत होत्या.
निष्कर्ष: माझ्या दृष्टीला पुरेल अशी तार देशात अजून ओढलेली नाही.

१२ जानेवारी, सोमवार
थंडी. पान हलत नाही. सूर्य तर सुट्टीवरच. हाच खरा कसोटीचा काळ.
सिग्ने म्हणते, काळजी नको. प्रोग्रॅमने हे आधीच ओळखून घरं तापवून ठेवलीत, आता थोडी थोडी वीज बाहेरून घेऊ, त्यासाठीच तर देशोदेशीच्या तारा जोडल्यात. बाहेरून? अध्यक्ष जिवंत असताना? सगळ्यांची हीटिंग निम्म्यावर आणली. आमच्या घरातली पूर्ण बंद, आदर्श म्हणून.

१४ जानेवारी, बुधवार
हॉल्गरच्या छातीत कफ भरला. त्याचं घर गार पडलं होतं. तोवे त्याला धरून आमच्याकडे घेऊन आली, ऊब मिळेल म्हणून. दारातच त्याच्या तोंडातून वाफ निघाली. तो म्हणाला, तोवे, मला परत घरी ने, तिथे जरा बरं आहे.
तोवेने त्याला सिग्नेकडे पोचवलं. डॉक्टर येऊन गेले. फुप्फुसापर्यंत गेलेलं नाही, पण जायला वेळ लागला नसता, असं म्हणाले म्हणे.
परत आल्यावर तोवेने बॅग भरली. बहिणीकडे चाललेय, म्हणाली. तिच्या घरात भिंतीवर साधं बटण आहे. दाबलं की गरम होतं.
मी विचारलं, किती दिवस? ती म्हणाली, वाऱ्यावर अवलंबून आहे.
बाहेर पान हलत नव्हतं. सगळ्यांची हीटिंग पुन्हा पूर्ण केली. तांत्रिक कारणास्तव.

२ फेब्रुवारी, सोमवार
एकटाच आहे. राय धान्याचा काळा पाव आणि लोणी, रोज.
मंडळाची मीटिंग. मला वाटलं, काढतात. भाषण तयार ठेवलं होतं, त्यात 'इतिहास' हा शब्द बऱ्याचदा होता. पण झालं उलटंच! सिग्नेने खास माझ्यासाठी नवं अ‍ॅप आणलं. अध्यक्ष आवृत्ती. जुनी किचकट पानं गेली. आता मध्यभागी एकच मोठं हिरवं बटण आणि वर एक छोटी पवनचक्की. सिग्ने म्हणाली, तुम्हाला योग्य वाटेल तेव्हा दाबा. बाकी काही बघू नका. हॉल्गर खोकत खोकत म्हणाला, दाब रे, हवं तितकं दाब.
खोकल्यामुळे असेल, पण हसल्यासारखा वाटला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
तोवे परत आली! घर उबदार आहे, म्हणाली. मी म्हणालो, दाबण्याची पद्धत आता हाती आलीय. घाईने नाही, अंगठ्याने, श्वास सोडताना.
आकडे बघावेत असे. गावाची जवळजवळ सगळी वीज वाऱ्यावर. एकही घर गार नाही, ट्रान्सफॉर्मर शांत. नेदरलँड्समधल्या एका गावाने हे ऐकलं, मार्चमध्ये बघायला येतायत.
नव्या लोकांसाठी 'अंगठ्याचे तंत्र' अशी पुस्तिका लिहायला घेतली. तोवेने वाचली नाही, पण पाठीवरून हात फिरवला.

१७ मार्च, मंगळवार
पाहुणे आले. त्यांच्या प्रमुख मारेइके, इंजिनियर बाई. सभागृहात भिंतीवर गावाचा नकाशा लावला होता: कुठली गाडी चार्ज होतेय, कुठला बॉयलर तापतोय, सगळं दिसत होतं. मी समोर उभा, हातात फोन. सांगितलं, वारा वाढतोय, आता मी दाबणार.
मारेइकेबाई म्हणाल्या, आणि नाही दाबलं तर?
मी म्हणालो, तर काहीच होणार नाही.
त्या म्हणाल्या, मग नका दाबू. बघू या.
थांबलो. सगळेच थांबले. सिग्ने स्वतःच्या बुटांकडे बघत होती. मग नकाशावर एक गाडी हिरवी झाली. मग बोडिलचा बॉयलर. मग एकेक करत सगळी गल्ली, रांगेने. माझा अंगठा तसाच हवेत.
बाईंनी विचारलं, मग बटण काय करतं?
हॉल्गरच्या तोंडून निघून गेलं, चक्की फिरवतं. फोनमधली.
कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सिग्ने लालबुंद होऊन म्हणाली, सांगणार होते, एवाल्ड, खरंच. मी म्हणालो, अर्थातच, मला कल्पना होती. माझा आवाज कुठून आला कोणास ठाऊक.
पाहुणे आपसात काहीतरी कुजबुजले. मग मारेइकेबाईंनी सिग्नेला बाजूला घेऊन विचारलं, ते बटण आम्हाला मिळेल का? प्रोग्रॅम आमचाही बरा आहे. पण आमच्याकडेही एक अध्यक्ष आहेत.
घरी येताना तोवेला विचारलं, तुला ठाऊक होतं? ती म्हणाली, हिरवा रंग मीच सांगितला. तुला शोभतो.

१८ मार्च, बुधवार
सकाळी दाबलं नाही. वारा सुटला. गाड्या चार्ज झाल्या, पाणी तापलं. तोवेने केक केला, तो फुगला.
दुपारी कोणी नसताना एकदा दाबून बघितलं. चक्की छान फिरते.