वापरात नसलेल्या वस्तू

३ नोव्हेंबर
आले बाई एकदाची! विद्यापीठाने दिलेली खोली चांगली ऐसपैस आहे. दोन खुर्च्या, दाराशेजारी भिंतीवर घंटा, खिडकीत भरपूर ऊन. उद्यापासून डिझाइनच्या पोरांना शिकवायचं की वस्तू माणसासाठी असते, माणूस वस्तूसाठी नव्हे. ताईने फोनवर विचारलं, एवढं कळायला विद्यापीठ कशाला लागतं गं? पोट धरून हसले.

१० नोव्हेंबर
पोरं हुशार आहेत, पण घुमी. प्रकल्पाचा विषय त्यांनीच निवडला: एकट्या माणसाचं घर. आता असा माणूस कुठे शोधत बसायचं, म्हणून मीच म्हटलं, माझी खोली घ्या. दोन नियम घालून दिले. घरातली व्यक्ती अडखळली तरी मदत करायची नाही, नुसतं बघायचं. आणि जे वापरात नाही, ते काढून टाकायचं.

संध्याकाळी चौघं येऊन भिंतीला टेकून बसली. चहा केला, तर कुणी शिवलं नाही. तरी घरात माणसं आहेत म्हणून बरं वाटलं. इथे एरवी माझ्याशी बोलतं कोण?

१९ नोव्हेंबर
दुसरी खुर्ची गायब! चौघांतल्या चष्मेवाल्या मुलीला विचारलं, तर म्हणाली, तिच्यावर कुणी बसत नाही ना मॅडम. माझं शिकवणं माझ्याच अंगाशी आलं म्हणून हसले. पण मनाला लागलं.

२७ नोव्हेंबर
आज घंटा नाही. तिच्या जागी गुळगुळीत भिंत, खिळ्याचं भोकसुद्धा नाही. प्रकल्प बंद, असं वर्गात चांगलं खडसावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि लिहून घेतलं.

४ डिसेंबर
सुट्टी लागली. बाहेर पडून जाणार कुणाकडे? पडदा ओढून पडून असते. ताईचे फोन आले, उचलले नाहीत. रडू फुटलं असतं, आणि तिने ओळखलं असतं. मग तिचा मेसेज आला, की पुढच्या रविवारी येतेच तुझे कान उपटायला. तेवढी कळ काढायची.

९ डिसेंबर
फोन टेबलावर होता. आता नाही. चष्मेवाली कोपऱ्यात बसून बघतेय. ही आत कधी आली? दार तर मी—

११ डिसेंबर
दाराला आतून मूठ नाही, उघडता येत नाही. खरंय, मी बाहेर पाऊलच टाकलं नाही. असू दे. ताई बाहेरून उघडेल.

१३
दार नाही. भिंत. खिडकीही— पडदा मीच ओढला होता.

रविवार
ताई आली! भिंतीपलीकडे आहे— लाडाच्या नावाने हाका मारतेय— भिंत बडवली, हात सोलवटले—

चष्मेवाली तिला सांगतेय, इथे कुणी राहत नाही. ही ठोकाठोक म्हणजे शेजारी काम चाललंय.

ताई रडतेय. असशील तर नुसती ओ दे म्हणतेय. ताई, देते गं— तोंड उघडलंय— सगळा जीव एकवटून— आवाज नाही.

सुट्टी लागल्यापासून मी कुणाशी एक शब्दही